दांडीवरची रात्र : खुराड्यातल्या बसण्याच्या सोयीचा आढावा

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण आपण सत्य लपत नाही हे सांगायला वापरतो. घरगुती कोंबडीपालनाची एक जुनी रीतही तिच्यात जपली गेली आहे. दिवेलागणीला कोंबड्या गोळा करायच्या, डालग्याखाली झाकायच्या आणि उजाडल्यावर डालगे उचलून अंगणात सोडायच्या. दिवसाचे जवळजवळ बारा तास कोंबडी अशी झाकलेली किंवा कोंडलेली असते. तरी कोंबड्यांचा विषय निघाला की बोलणे होते ते खाद्याचे, लसीचे, अंड्यांचे आणि भावाचे. रात्री ती कशावर बसते, हा प्रश्न शेवटी येतो. बऱ्याचदा येतच नाही.

आता तो विचारायला हवा, कारण परसातल्या कोंबड्या पुन्हा वाढत आहेत. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातले होते, आणि २०१२च्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. गावाकडचे बचतगट, फार्महाऊसवाले, शेताच्या बांधावर पन्नास-शंभर गावरान पक्षी सांभाळणारे तरुण असे वेगवेगळे लोक आज खुराडे बांधत आहेत. त्या प्रत्येकापुढे एकच साधी वाटणारी अडचण असते : कोंबड्यांना बसायला दांडी कशी लावायची?

अडचण साधी नाही, कारण दांडी एकाच वेळी तीन कामे करते. ती कोंबडीचा बिछाना असते, तिच्याखाली रात्रभराची विष्ठा साठते आणि तिच्या फटींत रक्त पिणारे कीटक दिवसा लपतात. कोंबडीला आराम हवा आणि पाळणाऱ्याला सफाई सोपी हवी. या दोन गरजा कुठे जुळतात आणि कुठे एकमेकींच्या आड येतात, याविषयी जगभर बरेच संशोधन झाले आहे आणि मतभेदही आहेत. त्याचा हा आढावा.

झाड, डालगे, खुराडे आणि पिंजरा

आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने पाळीव कोंबडीचे मूळ नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या त्याच्या एका उपजातीपर्यंत नेले. त्याआधी २००८ साली असे दिसून आले होते की अनेक कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले आहे. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवणारा. हे दोन्ही पक्षी दिवसभर जमिनीवर चरतात आणि अंधार पडायच्या आत झाडावर चढतात. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. त्यामुळे उजेड आहे तोवर उंच जागा पकडायची, हा नियम तिच्या हाडीमासी भिनला आहे.

माणसाच्या घरी आल्यावर महाराष्ट्रात तिची रात्र मुख्यतः तीन ठिकाणी जाऊ लागली. पहिले ठिकाण झाड किंवा गोठ्याचे आढे. अनेक आदिवासी पाड्यांवर आजही कोंबड्या रात्री झाडावर नाहीतर छपराच्या वाशावर बसतात. हे कोंबडीच्या मनासारखे आहे, पण खालची वैरण आणि जनावरांच्या पाठी घाण होतात. शिवाय रानमांजर, उदमांजर आणि पावसाची झड यांपासून आडोसा नसतो. दुसरे ठिकाण घराच्या भिंतीत किंवा ओट्याखाली केलेले दगडमातीचे खुराडे. बारके तोंड आणि त्याला लावलेली फळी किंवा फरशी यांमुळे मुंगूस आणि कुत्रे आत शिरत नाहीत. पण आत हात पोचत नाही आणि हवा खेळत नाही. मुंबईतल्या कोंदट खोलीला आपण ‘खुराडे’ म्हणतो ते उगाच नाही. तिसरे ठिकाण डालगे. बांबूच्या कामट्यांचे हे घर सकाळी उचलून उन्हात टाकता येते आणि खालची जमीन केरसुणीच्या दोन फटकाऱ्यांत साफ होते. मात्र कोंबड्यांना रात्रभर जमिनीवर, एकमेकींना चिकटून बसावे लागते.

म्हणजे झाडाने आराम दिला, खुराड्याने सुरक्षितता दिली आणि डालग्याने सफाई दिली. तिन्ही एका ठिकाणी मिळाली नाहीत.

विसाव्या शतकात व्यापारी कुक्कुटपालन आले. आधी भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची गादी पद्धत आली आणि मग तारेचे पिंजरे. पिंजऱ्यात विष्ठा जाळीतून खाली पडते, अंडे घरंगळत पुढे येते आणि एका माणसाला हजारो पक्षी सांभाळता येतात. सफाईचा प्रश्न सुटला. त्याबरोबर दांडीही गेली. यावर युरोपात आक्षेप उठले. स्वित्झर्लंडने १९९२पर्यंत असे पिंजरे बंद केले. युरोपीय संघाने १९९९ साली निर्देश काढून १ जानेवारी २०१२पासून साध्या पिंजऱ्यांवर बंदी आणली. त्या निर्देशात दांडीचे मापही आले : दर कोंबडीमागे किमान १५ सेंटीमीटर जागा, धारदार कडा नकोत, आणि मुक्त व्यवस्थेत दोन दांड्यांमध्ये किमान ३० व दांडी आणि भिंत यांत किमान २० सेंटीमीटर अंतर. भारतातही विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा विचार केला. खुराड्यातल्या लाकडी दांडीचा प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या दारापर्यंत पोचला.

कोंबडीला दांडी खरेच हवी असते का?

अनेक पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या जातींची चढून बसण्याची ओढ मेली असेल, असा एक युक्तिवाद होता. स्वीडनमध्ये आना ओल्सन आणि लिंडा कीलिंग यांनी तो तपासला. त्यांच्या २००० सालच्या निरीक्षणांत दिवे मालवल्यावर थोड्याच वेळात जवळपास सगळ्या कोंबड्या दांडीवर गेल्या, आणि दांडी दिसते पण बसता येत नाही अशी स्थिती केली तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. २००२च्या प्रयोगात रात्रीच्या दांडीपर्यंत जायला ढकलून उघडायचे दार ठेवले आणि ते हळूहळू जड करत नेले. कोंबड्यांनी जड दारही ढकलले. दांडी ही चैन नसून गरज आहे, यावर आज संशोधकांत फारसा वाद नाही.

दुसरा मुद्दा सवयीच्या वयाचा आहे. स्टेफान गुनार्सन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली स्वीडनमधल्या व्यापारी कळपांत पाहिले की पिलांना चौथ्या आठवड्याच्या आत दांडी मिळाली तर पुढे जमिनीवर अंडी घालणे आणि एकमेकींचा मागचा भाग टोचणे कमी होते. उशिरा दांडी मिळालेल्या कोंबड्यांना उंचीचा अंदाज नीट येत नाही, असेही पुढच्या वर्षीच्या प्रयोगात दिसले. हा धागा आपल्याकडे फार उपयोगाचा आहे. तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, विकत आणून खुराड्यात सोडतात आणि त्या आठवडाभर दांडी सोडून अंड्याच्या खोक्यात झोपतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्या आडमुठ्या नसतात. पिलांना ऊब देणाऱ्या ब्रूडरच्या सपाट जमिनीवर वाढल्यामुळे त्यांना चढायला शिकवलेले नसते. चार-पाच संध्याकाळी त्यांना उचलून दांडीवर ठेवले की बहुतेक शिकतात.

या नियमाला एक अपवाद आहे. मांसासाठी झपाट्याने वाढवलेला ब्रॉयलर पक्षी स्वतःच्या वजनामुळे दांडीवर क्वचितच बसतो. त्याला चढायला उतार असलेला बुटका माचा अधिक मानवतो, असे फिनलंडमधल्या २०१६च्या अभ्यासात आढळले. पुढची चर्चा म्हणूनच अंड्याच्या आणि गावरान पक्ष्यांपुरती आहे.

गोल की चपटी?

इथून मतभेद सुरू होतात. पहिले मत गोल दांडीचे. पक्षी फांदीवर झोपतो, पाय दुमडला की मागची शीर ताणली जाऊन बोटे आपोआप आवळली जातात, म्हणून मुठीत मावेल अशी गोल दांडी हवी, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. दुसरे मत चपट्या दांडीचे. कोंबडी काही चिमणी नाही. ती बसते तेव्हा तिचा भार तळव्यांवर आणि छातीच्या मधल्या लांब हाडावर येतो, म्हणून तिला रुंद टेकण हवे.

पहिल्या मताचा पाया अलीकडे थोडा हलला आहे. २०१२ साली युरोपीय मैनेवर झालेल्या प्रयोगात असे दिसले की पाय दुमडल्याने बोटे आपोआप आवळली जात नाहीत. झोपलेला पक्षी पकडीपेक्षा तोलावर बसतो. हा निष्कर्ष कोंबडीला जसाच्या तसा लावता येत नाही, पण ‘निसर्गात गोल, म्हणून खुराड्यातही गोल’ हा युक्तिवाद त्याने सैल केला. दुसऱ्या मताला जर्मनीतल्या २०११च्या मोजमापांचे बळ मिळाले. त्या संशोधकांनी दांडीवर दाब मोजणारे पत्रे लावले. बसलेल्या कोंबडीच्या छातीच्या हाडाखालचा भार एका तळव्यावरच्या भारापेक्षा पाच पटींच्या आसपास निघाला. चौकोनी दांडीवर टेकण्याची जागा जास्त होती आणि मऊ आवरणाच्या दांडीवर दाब कमी होता.

छातीच्या हाडाचा हा मुद्दा गंभीर आहे. अंड्याच्या कोंबड्यांत हे हाड वाकणे आणि मोडणे जगभर मोठ्या प्रमाणात आढळते. २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगांत मऊ दांड्यांमुळे अशी मोड कमी झाली आणि चढउतारासाठी तिरक्या फळ्या लावल्याने पडणेही कमी झाले. उलट २०२१ साली डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीने वेगळी दिशा दाखवली. सर्व प्रकारच्या निवाऱ्यांत हाडे मोडलेली सापडली, आणि लहान वयात अंड्यावर येणे व शरीराच्या मानाने मोठे अंडे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. म्हणजे दोष दांडीचा किती आणि वर्षाला तीनशे अंडी देण्यासाठी घडवलेल्या शरीराचा किती, हे अजून ठरायचे आहे.

व्यवहारात दोन्ही मतांच्या मधला रस्ता रुळला आहे : साधारण ५ सेंटीमीटर रुंद रीप, वरच्या दोन्ही कोरा रंध्याने घालवून पॉलिश पेपर मारलेली. वरची बाजू जवळपास सपाट आणि कडा गोलसर. अमेरिकेतल्या थंड प्रांतांत याहून रुंद पट्टी सुचवतात, कारण बर्फाळ रात्री कोंबडीला बोटे पोटाखाली झाकता यावीत. महाराष्ट्रात ते कारण लागू नाही. उलट फार रुंद फळीवर विष्ठा खाली न पडता तिथेच साचते, आणि कोंबडी रात्रभर तिच्यावरच बसते.

किती उंच आणि किती दूर?

कोंबडी उंच जागा निवडते, याबद्दल एकमत आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५च्या आपल्या मतपत्रात नोंदवले की कोंबड्या ६० सेंटीमीटरहून उंच दांडी शोधतात. त्याच मतपत्रात दुसरी बाजूही आहे : उंची वाढली की उतरताना आदळण्याचा धोका वाढतो. आराम आणि इजा या दोन्ही एकाच मापाने वाढतात, ही या विषयातली सर्वांत अवघड गाठ.

तिच्यावर दोन उत्तरे दिली जातात. काही जण शिडीसारख्या चढत्या दांड्या लावतात. थोड्या जागेत जास्त पक्षी बसतात आणि चढउतार सोपा होतो. पण कळपात मानाची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरूप-एब्बे यांनी १९२१ साली ती टोचण्याच्या क्रमावरून मांडली. वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी धक्काबुक्की होते, आणि खालच्या पायरीवर बसणाऱ्या दुबळ्या कोंबडीच्या पाठीवर वरच्यांची घाण पडते. दुसरे उत्तर सर्व दांड्या एका पातळीत लावण्याचे. भांडणे कमी होतात आणि खालची सफाई एका सपाट जागेत आटपते, पण जागा जास्त लागते. पंधरा-वीस पक्ष्यांच्या घरगुती खुराड्याला दुसरे उत्तर बरे, यावर अनुभवी पाळणारे सहसा सहमत असतात.

उंची जातीप्रमाणे बदलावी लागते. सव्वा-दीड किलोची गावरान कोंबडी किंवा कडकनाथ मीटरभर उंचीवर सहज उडी घेते. बंगळुरूला विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादची वनराज या जातींचे नर तीन किलोच्या पुढे जातात. त्यांना दोन फुटांच्या आतच ठेवावे आणि चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली तिरकी फळी द्यावी. दर पक्ष्यामागे १५ ते २० सेंटीमीटर, आणि जड जातींना २५पर्यंत जागा धरावी.

आपल्या हवेत आणखी एक गोष्ट मोजावी लागते : दांडीपासून छपरापर्यंतचे अंतर. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्रा संध्याकाळनंतरही तापलेला असतो. पत्र्याला खेटून लावलेली उंच दांडी कोंबडीला आवडते म्हणून ती चढते आणि रात्रभर चोच उघडी टाकून धापा टाकते. दांडीवर दीड-दोन फूट मोकळी जागा, वरच्या बाजूला हवेला जाळी आणि पत्र्यावर उसाचे पाचट किंवा तुराट्या हा साधा उपाय आहे.

लाकूड, बांबू की पाइप?

साहित्याबाबत मते प्रदेशाप्रमाणे बदलतात, आणि ते स्वाभाविक आहे. कोकणात माणगा बांबू आणि पोफळीच्या फाट्या हाताशी असतात. देशावर मेसकाठी, बाभूळ, सुताराकडच्या उरलेल्या रिपा मिळतात. बांबू स्वस्त, हलका आणि कोंबडीच्या पायाला बरा. पण त्याची पेरे, चिरा आणि कापलेल्या टोकांची पोकळी ही किड्यांची हक्काची घरे. बांबू वापरायचा तर टोके मेण, डांबर किंवा सिमेंटने बुजवावीत आणि दरवर्षी काठ्या बदलाव्यात. त्या इतक्या स्वस्त असतात की बदलणे धुण्यापेक्षा परवडते.

रंधा मारलेले लाकूड पकडीला उत्तम, ना फार गार ना फार तापणारे. मात्र ते ओल शोषते. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने ते सुकतच नाही आणि बुरशी धरते. ओल्या, खडबडीत दांडीवर तळव्याला जखम होऊन गाठ येते आणि कोंबडी लंगडते.

लोखंडी किंवा प्लास्टिकचा पाइप धुवायला सर्वांत सोपा आणि त्याला फटी नसतात. सफाईच्या बाजूने बोलणारे त्याचीच शिफारस करतात. पण पीव्हीसी पाइप घसरतो, आणि पाय घसरणारी कोंबडी रात्रभर तोल सावरत राहते. काही जण त्यावर सुतळी गुंडाळतात. त्याने पकड येते, पण किड्यांना पुन्हा घर मिळते. धातूच्या बाजूने एक वेगळा मुद्दा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून आला. तिथे धातूच्या पोकळ दांड्यांतून थंड पाणी फिरवून उन्हाळ्यात कोंबड्यांना गारवा देण्याचे प्रयोग झाले, आणि पायांतून उष्णता बाहेर टाकता आल्याने कोंबड्यांना आराम मिळाला. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी ही कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे. परसातल्या दहा कोंबड्यांना तिचा खर्च परवडणारा नाही.

दांडीखालची घाण : रोज काढावी की साचू द्यावी?

एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ओली विष्ठा टाकते आणि तिचा मोठा भाग रात्री दांडीखाली पडतो. वीस कोंबड्यांची वर्षाची विष्ठा आठ क्विंटलांच्या आसपास भरते. ती कशी हाताळायची, याबाबत दोन परंपरा आहेत.

पहिली परंपरा रोजच्या सफाईची. दांडीखाली पाऊणएक फुटावर गुळगुळीत फळी किंवा पत्रा बसवायचा, त्यावर राख किंवा कोरडी माती पसरायची आणि सकाळी उलथण्याने खरवडून काढायची. तिच्यामागे शास्त्रीय कारण आहे. रक्ती हगवणीच्या जंतूंच्या अंड्यांना रोगकारक व्हायला ओल, ऊब आणि एक-दोन दिवस लागतात. त्याआधीच विष्ठा बाहेर गेली तर साखळी तुटते. मानमोडी आणि बर्ड फ्लू यांचे विषाणूही विष्ठेतून पसरतात. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून ही बाजू अधिक ठामपणे मांडली जाते.

दुसरी परंपरा जाड गादीची. सहा इंच किंवा त्याहून जाड तूस, भुसा किंवा भुईमुगाची टरफले पसरायची, ती वरचेवर खालीवर करायची, कोरडी ठेवायची आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदम उपसायची. चांगली गादी आतल्या आत कुजते, वास धरत नाही आणि शेवटी शेताला तयार खत मिळते. जंतूंशी थोडाथोडा संबंध येऊन पिलांची प्रतिकारशक्ती घडते, असेही या बाजूचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. अट एकच : गादी कोरडी हवी. दांडीखालचा पट्टा नेमका तिथेच ओला होतो, आणि अमोनिया सुटतो. माणसाच्या नाकाला त्या वासाची लवकर सवय होते. म्हणून उभ्याने वास घेऊन चालत नाही. गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन पाहावे. डोळे चुरचुरले तर गादी बिघडली.

या दोन्हींच्या मधली तिसरी रचना कोकणात दिसते : जमिनीपासून दोन-तीन फूट उंच मचाणावरचे खुराडे, तळाला बांबूच्या पट्ट्या किंवा जाळी, आणि खाली पडणारी विष्ठा बाहेरूनच ओढून घ्यायची. पावसाळी मुलखाला ती शोभते. तळाच्या फटी मात्र उंदीर आणि सापाला वाव देतील इतक्या मोठ्या नसाव्यात.

फटीतले पाहुणे

आराम आणि सफाई यांचा खरा संघर्ष कुठे होत असेल, तर दांडी आणि भिंत यांच्या सांध्यात. कोंबड्यांचा तांबडा कोळीकीटक दिवसा फटींत लपतो, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचे रक्त पितो आणि पहाटे परत जातो. उबदार हवेत त्याची पिढी आठवडाभरात पुरी होते, आणि कोंबड्या नसतानाही तो महिनोन्महिने तग धरतो. आपल्याकडे त्याच्याच सवयीचे कोंबड्यांचे गोचीडही आहेत. तेही रात्री रक्त पितात, दिवसा भिंतीच्या चिरांत बसतात आणि एक प्रकारचा जीवघेणा ताप पसरवतात. अंगावर शोधून ते सापडत नाहीत, म्हणून पाळणारा कोंबडीला पावडर लावत राहतो आणि रोग दांडीत राहतो.

उपायांत पुन्हा दोन बाजू. रासायनिक औषधाची बाजू झटपट आहे. पण तिचा धोका २०१७ साली युरोपात दिसला. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये या तांबड्या किड्यावर फिप्रोनिल हे मनाई असलेले औषध वापरले गेले आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. खुराड्यात औषध फवारायचे तर पशुवैद्याला विचारूनच. दुसरी बाजू यांत्रिक सफाईची : उकळते पाणी, कडक ऊन, भिंतींना वर्षातून दोनदा चुना, मोकळ्या शेडमध्ये फ्लेम गन आणि कोंबड्यांना लोळायला राखमातीचा खड्डा. चुलीची राख खुराड्यात टाकण्याची आजीची पद्धत याच बाजूची. जुन्या पुस्तकांत दांडीला रॉकेल पुसायचा सल्ला असे. कोंबडीच्या कातडीला आणि तळव्याला तो त्रासदायक असल्याने आता तो मागे पडला आहे.

या दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर एकमत आहे : दांडी खिळ्यांनी ठोकून पक्की करू नये. दोन्ही टोकांना लाकडाच्या किंवा लोखंडाच्या खाचा कराव्यात आणि दांडी त्यांत नुसती बसवावी, म्हणजे ती उचलून धुता आणि उन्हात टाकता येते आणि किड्यांचा सांधाही साफ करता येतो.

जे अजून ठरायचे आहे

वर आलेली बहुतेक मोजमापे युरोप-अमेरिकेतल्या अंड्याच्या संकरित जातींवर, बंदिस्त आणि थंड हवेतल्या शेडमध्ये घेतली आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, दिवसभर उकिरडा उकरते आणि झाडावर उडते. तिच्या छातीच्या हाडावर तीच आपत्ती येते का, हा प्रश्न इथल्या पक्ष्यांवर मोजूनच सुटेल. दुसरा प्रश्न उन्हाळ्यातल्या उंचीचा : वारा लागावा म्हणून उंच की पत्र्याच्या धगीपासून दूर म्हणून बुटकी? तिसरा बांबूचा : किड्यांमुळे त्याला बाद करायचे, की दरवर्षी जाळून नवा घालायचा? चौथा प्रश्न रात्री झाडावर बसणाऱ्या कोंबड्यांचा. त्यांना आराम मिळतो, पण रानपक्ष्यांची विष्ठा आणि त्यांचे रोगही मिळतात. त्यांना खाली आणण्याचा लाभ आणि तोटा अजून कोणी एका तराजूत घातलेला नाही.

आढाव्याचे तात्पर्य

आजवरच्या माहितीवर घरगुती खुराड्यासाठी पुढील गोष्टी सर्वसाधारणपणे धरून चालता येतील. दांडी हवीच, आणि पिलांना पहिल्या महिन्यातच तिची ओळख करून द्यावी. ती सुमारे ५ सेंटीमीटर रुंद, कोरा घालवलेली, न घसरणारी असावी. सर्व दांड्या एका पातळीत, दोन फुटांच्या आसपास, अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच असाव्यात. नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी माखतात. पाण्याचे आणि खाद्याचे भांडे दांडीखाली नको. खालची फळी रोज खरवडा किंवा गादी कोरडी राखा. दोन्हींपैकी जे खरोखर रोज होईल ते निवडा. आणि दांडी सुटी ठेवा. झाडाचा आराम आणि खुराड्याची सुरक्षितता आपण बांधकामात आणली आहे. उचलून उन्हात टाकण्याची डालग्याची सोय तेवढी विसरलो होतो.

खुराडे नवे बांधायचे नसेल तरी एक तपासणी आज करता येते. रात्री नऊनंतर बॅटरी आणि पांढरे फडके घेऊन जा. कोंबड्या शांत बसलेल्या असतील. दांडीच्या खालच्या अंगावरून आणि सांध्यातून फडके फिरवा आणि बाहेर येऊन उजेडात पाहा. त्यावर तांबड्या रेघा उमटल्या असतील, तर उद्या सकाळी पहिले काम दांडी काढण्याचे.